पत्रा वाजला, पण शिवी आली नाही

गणेशचतुर्थीच्या संध्याकाळी चंद्राकडे पाहू नये, पाहिला तर खोटा आळ येतो, हे पिंप्राळ्यात कुणाला शिकवावं लागत नाही. चुकून पाहिलाच, तर उपायही घरोघरी ठाऊक आहे. कुणाच्या तरी घरावर दगड टाकायचा आणि त्या घरच्या माणसाच्या शिव्या निमूट ऐकून घ्यायच्या. शिवी बसली की आळ फिटला.

गल्लीच्या कोपऱ्यावर उखर्डूचं उतरत्या पत्र्याचं घर होतं. शिव्यांची विद्या त्याला जन्मजात होती. एक दगड टाकावा, तर तो तीन पिढ्यांचा उद्धार करायचा, आणि एकदा दिलेली शिवी त्या दिवसात पुन्हा देत नसे. त्यामुळे चंद्र दिसलेली माणसं जळगावातून सायकलवर टांग टाकून त्याच्याच पत्र्याशी यायची. इतर घरी शिवी मिळते, पण तिला गुण नाही, असं म्हणायची. उखर्डूही त्या दिवशी लवकर जेवून वळचणीखाली बाज टाकून बसायचा. लोक आशेनं येतात, त्यांना ताटकळत का ठेवा, असा त्याचा हिशेब.

सत्त्याऐंशी सालच्या चतुर्थीला तो त्या बाजेवरच मेला. डोकं फुटलेलं, आणि अवतीभवती एकोणतीस दगड.

फौजदार कोल्हापूरकडचे, नवीन बदलून आलेले. त्यांनी सगळे दगड जप्त करून पोत्यात भरले आणि गल्लीला विचारलं, "हे कुणी टाकले?" गल्लीनं मान खाली घातली. टाकले म्हणावं, तर चंद्र पाहिला असं कबूल करावं लागतं, आणि चारचौघांत ते कोण कबूल करणार? फौजदारांनी डायरीत लिहिलं, 'आरोपीने एकोणतीस दगडांची पूर्वतयारी केली होती.'

आरोपी शोधायला वेळ लागला नाही. त्याच सकाळी नळावर केळीच्या गाडीवाल्या भाईदासचं आणि उखर्डूचं वाजलं होतं. "संध्याकाळपर्यंत तुझं तोंड बंद करतो," असं भाईदास म्हणाला होता, आणि संध्याकाळी ते तोंड बंद झालं होतं. आता एक साक्षीदार पाहिजे होता. तो म्हणजे सुनंदाबाई.

सुनंदाबाई वाणीनं इतकी मऊ, की गाईला हाकलतानाही "सरक गं माय" म्हणायची. सोमवार, प्रदोष, संकष्टी, सगळं नेमानं. आणि चतुर्थीचा चंद्र न पाहण्याचं तिचं एकवीस वर्षांचं व्रत होतं. वीस वर्षं निर्विघ्न गेली होती, त्या वर्षी एकविसावं. शेजारच्या आरतीहून ती प्रसादाची वाटी घेऊन निघाली ती पदर नाकापर्यंत ओढून, नजर जमिनीला लावून. उखर्डूच्या घराशी आली तेव्हा पत्रा वाजला. ती सवयीनं थांबली, शिवी होऊन जाऊ दे म्हणून. पण शिवी आली नाही. मग पदराखालून तिला दोन अनवाणी पाय चिखल उडवत पळताना दिसले. उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं, जसा दमलेला माणूस शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकतो.

तिनं एवढंच पाहिलं आणि एवढंच सांगितलं. भाईदासचा चेहरा ती रोज पाहायची, पण त्याचे पाय तिनं कधी पाहिले नव्हते. ते कायम गाडीमागे. आणि पळणाऱ्याचे पाय पाहिले, तर चेहरा नाही. हा चेहरा त्या पायांना कसा जोडायचा, ते तिला कळेना. फौजदारांना कळलं.

खटल्याच्या आदल्या दिवशी सरकारी वकील झोपेसाहेबांनी तिला तिचा जबाब वाचून दाखवला. 'स्वच्छ चांदण्यात मी वर पाहिले असता आरोपी भाईदास याचा चेहरा मला स्पष्ट दिसला.'

सुनंदाबाईनं पिशवी खाली ठेवली. "साहेब, हे मी नाही बोलले. मी वर पाहिलंच नाही."

"बाई, पायांवर कुणाला फाशी होत नाही. चेहरा लागतो."

"पण चांदणं कशाला लिहिलं?"

"अंधारात चेहरा कसा दिसेल?" झोपेसाहेब समजुतीनं म्हणाले. "आणि उद्या हे नाकारलंत, तर तुम्ही फितूर. खोट्या साक्षीचा गुन्हा तुमच्यावर दाखल होईल."

घरी नवरा तोताराम भाकरी मोडता मोडता म्हणाला, "म्हणून टाक ना, पाहिला म्हणून. गणपतीला कोर्टात यायला सवड शे का?"

"त्याला नसेल. मला जायचं आहे ना," ती म्हणाली. हो म्हणावं तर भाईदास फासावर आणि एकवीस वर्षं पाण्यात. नाही म्हणावं तर ती स्वतः तुरुंगात. त्या रात्री तिनं देवापुढे नंदादीप ठेवला, पण काय मागावं ते सुचेना. शेवटी "पाय जपून ठेव" एवढंच म्हणाली. कुणाचे, ते देवावर सोडलं.

दुसऱ्या दिवशी जळगावच्या कोर्टात पट्टेवाल्या शालिग्रामनं व्हरांड्यात येऊन खणखणीत पुकारा केला, "सुनंदाबाई तोताराम हाजिर हो." ती पिंजऱ्यात उभी राहिली. गल्लीतल्या बायका झाडून आल्या होत्या. सुनंदाबाईनं चंद्र पाहिला की नाही, याचा निकाल ऐकायला त्या आल्या होत्या. भाईदासचं काय, ते त्याच्या आईलाच पडलं होतं.

"आरोपीचा चेहरा पाहिलात?" झोपेसाहेबांनी विचारलं.

"नाही. मी पाय पाहिले."

मागे बायकांनी सुटकेचा श्वास सोडला, तो टंकलेखकालाही ऐकू गेला. झोपेसाहेब लाल झाले. "साक्षीदार फितूर झाली आहे. हिच्यावर खोट्या साक्षीचा खटला भरावा, अशी विनंती आहे."

न्यायाधीश नागपूरकडचे, शांत गृहस्थ. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, कळतं ना तुम्हाला, काय आरोप होईल?"

"कळतं, साहेब. पण तो आळ खोटा असेल. आणि खोटा आळ चंद्र पाहिलेल्या माणसावरच येतो. मी तर पाहिलेला नाही. मग तो माझ्यावर येईल कसा?"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. मग झोपेसाहेबांना म्हणाले, "याला उत्तर आहे का?"

"कायद्यात चंद्र नाही, साहेब."

"तुमच्या जबाबात आहे."

तेवढ्यात भाईदासचे वकील सत्तारभाई उठले. "हुजूर, बाई पाय पाहिले म्हणतात, तर पायांचीच ओळख होऊ द्या."

"ओळख परेड चेहऱ्यांची असते," झोपेसाहेब म्हणाले. "फौजदारी कामात पाय कुठे बसतात?"

"आरोपीला आहेत ना?" न्यायाधीश म्हणाले. "मग बसवा."

खिडकीचा हिरवा पडदा काढून दोन बाकांमध्ये बांधला गेला. त्यामागे भाईदासला अनवाणी उभं केलं, आणि सोबतीला जमेल तेवढी माणसं: दोन पक्षकार, एक टंकलेखक, दारातला चहावाला, जमिनीच्या दाव्याला आलेला एक म्हातारा आणि फौजदारांचा हवालदार. सात झाले. आठ पाहिजेत म्हणून शालिग्रामला बूट काढायला सांगितले. तो काढीना. "साहेब, पुकारा कोण करील?" म्हणाला. न्यायाधीश म्हणाले, "पडद्यामागून कर." मग त्यानं सावकाश बूट काढले.

सुनंदाबाई पदर नाकापर्यंत ओढून आली, म्हणजे त्या दिवशीसारखंच सगळं व्हावं. पहिले पाय भेगाळलेले, दुसरे शाईचे, तिसरे केळीच्या चिकानं काळे पडलेले, पण बोटं सरळ. ती पुढे गेली. आठव्या पायांशी थांबली. दमलेलं बोट शेजाऱ्याच्या खांद्यावर टेकलं होतं.

"हे," ती म्हणाली.

पडदा बाजूला केला. झोपेसाहेब मोठ्यानं हसले. "बघा हुजूर, साक्षीदाराची लायकी. कोर्टाचा पट्टेवालाच खुनी." कोर्ट हसलं, हवालदार हसला, दाव्याचा म्हातारा कशाला ते न कळून हसला. भाईदासची आई मात्र रडायला लागली. तिला वाटलं, गेलं सगळं.

शालिग्राम हसला नाही. त्यानं हात जोडले आणि घाबरून भडगावकडची घरची बोली बोलायला लागला. "साहेब, ह्या पाय मन्हाच शेतस. मी चांद देखा व्हता."

हसणं जागच्या जागी थांबलं.

त्यानं सांगितलं ते असं. चतुर्थीला तो पिंप्राळ्यात बहिणीकडे आला होता. ओसरीवर हात धुताना चंद्र दिसला. बहीणच म्हणाली, लवकर जा, उखर्डू बसलेला असेल. त्यानं अनवाणीच जाऊन घराच्या मागून पत्र्यावर एक दगड टाकला आणि शिवी ऐकायला उभा राहिला. "शिवीच उनी नही, साहेब. म्हणीसन पळनू." पळताना तो पुढच्या अंगणातून गेला, पण अंधारात बाजेकडे पाहिलं नाही. सकाळी उखर्डूचा खून झाल्याचं कळलं, तेव्हा त्याला वाटलं, आपण दगड टाकण्याआधीच तो मेलेला असणार, एरवी शिवी दिल्याशिवाय राहता ना. तेव्हापासून सव्वा वर्ष तो एकाच काळजीत होता. शिवी मिळालेली नाही, आळ अजून अंगावर आहे, आणि तो कधी येतो कुणास ठाऊक.

"दगड पत्र्यावरून घरंगळून त्याच्या डोक्यात गेला असेल, हे सुचलं नाही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"सुचनं नही, साहेब. आजपर्यंत कोणाचाच गेला नव्हता."

न्यायाधीशांनी गल्लीच्या बायकांकडे पाहिलं. "बाकीचे अठ्ठावीस कुणाचे?"

सगळ्या बायकांनी मान खाली घातली. फौजदारांनीही घातली. एक दगड त्यांच्या बायकोचा होता, असं मागाहून लोक म्हणायचे. खरं-खोटं देव जाणे.

भाईदास सुटला. शालिग्रामवर हयगयीनं मृत्यू घडवल्याचा खटला उभा राहिला. तो जामिनावर सुटला, पण त्याच्या जागी दुसरा माणूस काही नेमला गेला नाही. त्यामुळे तारखेच्या दिवशी तोच व्हरांड्यात यायचा, "शालिग्राम अभिमन हाजिर हो," असा तीनदा पुकारा करायचा, आणि मग टोपी नीट करून स्वतःच आत जायचा.

पहिल्या तारखेला सुनंदाबाई साक्षीला आली, तेव्हा तो तिच्यापाशी येऊन उभा राहिला. तिची नजर सवयीनं खाली गेली. बूट होते, बोट दिसलं नाही.

"अक्का, एक काम होतं. उखर्डू तर गेला. मला एक शिवी देता का? तुमच्यासारखी नेमाची बाई दुसरी नाही. तुमची लागेल."

"मी कधी कुणाला दिली नाही रे."

"म्हणून तर म्हणतो."

सुनंदाबाईनं डोळे मिटले. एकवीस वर्षांचं व्रत सांभाळलं, आता या जिभेचं गेलं तर जाऊ दे. एक जीव तर सुटेल. "मुडद्या," ती हळूच म्हणाली. "खाली कोण बसलंय, एवढं तरी पाहायचं."

शालिग्राम थोडा वेळ वाट पाहत उभा राहिला. "बस? एवढीच?"

"एवढीच येते."

त्यानं वाकून नमस्कार केला. पुढे चार महिन्यांनी तो सुटला. पुरावा नाही, असं निकालात लिहिलं होतं. लोकांनी वेगळं कारण धरलं.

पुढच्या चतुर्थीला दिवेलागणीला सुनंदाबाई आरतीचं तबक लावत होती, तेव्हा तिच्या घराच्या पत्र्यावर दगड पडला. मग दुसरा. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला.

तोतारामनं जेवता जेवता वर पाहिलं. "घे. आता बाहेर बाज टाकून बस."

"बाहेर नाही बसायचं," सुनंदाबाई म्हणाली. तिनं दाराला कडी घातली, हळदी-कुंकवाचं बोट पुसलं आणि आतूनच, शेजारी झोपले असतील अशा आवाजात, दोनदा "मुडद्या" म्हणाली. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "लागली, अक्का." आणि ती आरतीला उभी राहिली.