खाली एक

सावरडोहची खाण शुक्रवारी बंद व्हायची होती. तोंडाशी भिंत आणि भिंतीमागं रेती, म्हणजे कायमचीच बंद. आणि सोमवारी दुपारी तीन वाजता मयुरीच्या टेबलावरच्या प्रिंटरनं कर्रर्र करत कागदावर छापलं :

खाली : एक.
बिल्ला ४१७. लटारू वल्द सोमा.
तास : ८११५२.
आठ तास उलटले. वर बोलवा.

मयुरीनं कागद फाडून हातात घेतला आणि नाव पुन्हा वाचलं. लटारू वल्द सोमा हा तिचा बाप होता. नऊ वर्षांमागं, श्याण्णवच्या ऑगस्टात, कोळसा काढून सोडलेल्या जुन्या गाळ्यात साचलेलं पाणी एकाएकी फुटलं आणि चार माणसं गेली. तिघं सापडले. लटारू नाही सापडला तो नाहीच सापडला.

आता तुम्ही म्हणाल, मशीन आहे, चुकली असेल. अहो, चुकायला तिला काय डोकं असतं? अन् असलंच तर ते मयुरीचं होतं, कारण हा प्रोग्राम तिनंच लिहिला होता, रात्रीचा दिवस करून. कंपनीनं त्या वर्षी एक डिरेक्टरी उभी केली होती. खाणीत उतरणाऱ्या दर माणसाची त्यात एक नोंद : नाव, बिल्ला नंबर, काम काय, आत्ता वर की खाली, आणि खाली असेल तर कधीपासून. नोंद म्हणजे नुसती अक्षरं. पडून राहतात बापडी. त्या अक्षरांचा माणूस करायचा, तर मयुरीच्या प्रोग्राममधल्या एका तुकड्याला तो करावा लागे. त्याला म्हणत फॅक्टरी. फॅक्टरी सकाळी सात वाजता एकेक नोंद वाचायची. कोळसा भरणाऱ्या लोडरची नोंद असेल तर लोडर बनवायची, पाळीवर देखरेख करणाऱ्या सरदाराची असेल तर सरदार. मशीनच्या पोटात मग तो माणूस जागा व्हायचा, आपले तास आपण मोजायचा, आणि आठ तास उलटूनही खालीच असला तर आपण होऊन हाक मारायचा.

‘वर बोलवा’ हे शब्द मयुरीनं हौसेनं घातले होते. आपल्या बापाला जसं खाली सोडून दिलं तसं पुढं कुणाला सोडू नये, म्हणून. साहेबांनी शाबासकीही दिली होती त्यासाठी.

तेच साहेब आता दारात उभे होते. खाण बंद करायला म्हणून आठ महिन्यांमागं बदलून आलेले, माणूस भला, पण पायाला भिंगरी. ‘‘मयुरी, यादीत शून्य आल्याशिवाय मला भिंतीच्या कागदावर सही करता येत नाही. हा कुठला जुना एक राहिलाय? काढून टाक तो.’’

तो कुठला, हे तिनं सांगितलं नाही. ‘‘हो सर,’’ म्हणाली. आणि पाच वाजता, घरी निघण्याआधी, बापाची नोंद डिरेक्टरीतून काढून टाकली. एक बटण, मग ‘नक्की का?’, मग दुसरं बटण.

मंगळवारी तीन वाजता प्रिंटर पुन्हा कर्रर्र वाजला. बिल्ला ४१७. तास : ८११७६. वर बोलवा.

मयुरी खुर्ची मागं सारून उठली. तिनं प्रिंटरची वायर उपटली. पडद्यावर तीच अक्षरं होती. आठ तास उलटले. तिला वाटलं, कुणीतरी पाठीमागं उभं आहे, अंगाला ओल्या कोळशाचा वास असलेलं, आणि ते हे सगळं तिच्या खांद्यावरून वाचतंय. मागं वळून बघायची तिची छाती होईना. बघितलं तेव्हा भिंतीला लावलेलं कपाट होतं. वास मात्र गेला नाही, आणि तो खरा होता की भास, हे तिला कधीच कळलं नाही.

घाबरण्याचं कारण एवढंच नव्हतं. तिनं बापाला मारण्याची ही पहिली वेळ नव्हती, दुसरी होती. तिची नोकरी लागली तीच मुळी बापाच्या जागेवर. चंद्रपूरला बीएस्सी कॉम्प्युटर झाली, तेव्हा हापिसातून कागद आला : लटारू वल्द सोमा याला मृत समजण्यात येत आहे, वारसानं सही करावी. आई, मनकर्णाबाई, अंगठा द्यायला तयार होईना. ‘‘माती नाई पाह्यली त्याची. मी काऊन अंगठा देऊ?’’ एवढंच म्हणाली. मयुरीनं सही केली. आई तीन दिवस जेवली नाही. त्यानंतर हा विषय घरात कुणी काढला नाही. मनकर्णाबाईच्या कपाळावर कुंकू होतं आणि हातात हिरव्या बांगड्या. कॉलनीतल्या बायकांची कुजबुज व्हायची, पण तिच्या तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती.

मंगळवारी मयुरीनं नोंद पुन्हा काढून टाकली. फॅक्टरीची ओळ न् ओळ तपासली. फॅक्टरी प्रामाणिक होती. नोंदीत नसलेला माणूस ती बनवत नव्हती. मग नोंदच परत येत होती, दुसरं काय!

बुधवारी सकाळी पावणेसातला ती बत्तीघरात गेली. उतरणाऱ्या माणसाला टोपीवरची बत्ती मिळते ती इथून. रीत अशी, की माणसानं खिडकीत आपला पितळी बिल्ला द्यायचा, बत्ती घ्यायची आणि उतरायचं. बिल्ला ‘खाली’ लिहिलेल्या फळ्यावर लागतो. वर आला की बत्ती परत द्यायची अन् आपला बिल्ला आपल्या हातानं उचलायचा. बत्तीवाला सोडला तर दुसऱ्याच्या बिल्ल्याला कुणी शिवत नाही, सख्खा भाऊ असला तरी. फळा रिकामा, तर खाण रिकामी. मशीन येण्याआधी पन्नास वर्षं हाच हिशेब चालला.

देवराव तीस वर्षं बत्तीघर सांभाळत होता. तो तिथल्या कॉम्प्युटरवर एका बोटानं एकेक अक्षर शोधत टाइप करत होता. चार. एक. सात.

‘‘देवरावभाऊ!’’ मयुरी ओरडलीच. ‘‘तुम्ही टाकून राह्यले होय ही नोंद?’’

देवरावनं चष्मा कपाळावर सरकवला. ‘‘मंग! दोन दिवस झाले, मशीन याले इसरूनच जाते. फळा अन् मशीन जुळवाचं काम मले देल्लं ना साहेबानं? मी जुळवून राह्यलो.’’

‘‘पण बाबांची नोंद डिरेक्टरीत आलीच कशी?’’

‘‘माह्यामुळं आली. सामान काढाले आलेले ठेकेदाराचे माणसं पगाराच्या यादीत नसते, म्हून शनिवारी त्या टायपिंगवाल्या पोरींले मी फळ्यावरून नावं सांगतले. फळ्यावर जो हाय तो सांगतला.’’ त्यानं मागं बोट केलं.

फळ्यावर शंभरेक खिळे होते, एक सोडून सगळे रिकामे. त्या एका खिळ्यावर बिल्ला होता. पितळ नऊ वर्षांत काळं पडायला हवं होतं. हे लखलखत होतं. देवराव दर सोमवारी लिंबानं घासायचा.

‘‘बाकीच्या तिघाइचे बिल्ले घरच्यांनी नेले, मयतीच्या दिवशी. तुह्या मायनं नाई नेला. मंग तो वर आला असं मी कोन म्हननार? माह्या लेखी मानूस खाली हाय.’’

‘‘मी नेते ना. द्या.’’

देवरावनं फळ्यासमोर हात आडवा धरला. मग हळूच म्हणाला, ‘‘नोको वो माय. तू त्याच्या मरनाच्या कागदावर सही केली. तुह्या हाती मले बिल्ला देनं नाई होत. मनकर्णाबाईले आन.’’

मयुरीला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. राग देवरावचा नव्हता, हे तिला वाटेतच कळलं.

त्या दिवशी दुपारी ती लवकर घरी गेली. आई अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. मयुरीनं सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. बटण दाबलेलंही सांगितलं. मनकर्णाबाईचा हात सुपावर थांबला.

‘‘तुह्या मशिनीत मानूस कसा बनते?’’

‘‘नोंद वाचून. नोंदीत जसं लिहिलं, तसा बनतो.’’

‘‘रोज बनते?’’

‘‘रोज सकाळी सातला.’’

‘‘अन् याच्या नोंदीत काय हाय?’’

‘‘खाली हाय म्हून.’’

मनकर्णाबाईनं सूप खाली ठेवलं. ‘‘म्हंजे रोज सकाळी तू त्याले त्या पान्यातच बनवते? बनला का बुडाला, बनला का बुडाला?’’ तिचा आवाज चढला. ‘‘काढून टाकाचं सुचलं तुले. पन त्याले वर बनवाचं नाई सुचलं? एक डाव वर नाई बनवता येत?’’

किती सोपी गोष्ट होती! फॅक्टरीला हात लावायचा नव्हता, नोंद काढायची नव्हती. ‘खाली’ होतं तिथं ‘वर’ करायचं, एवढंच. पण ‘वर’ म्हणण्याआधी फळ्यावरचा बिल्ला उचलायला हवा होता. ते मयुरीनं आईला सांगितलं. मनकर्णाबाई उठून आत गेली. गुरुवार तसाच गेला.

शुक्रवारी दुपारी, तीनला दहा कमी असताना, मनकर्णाबाई बत्तीघराच्या खिडकीशी आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली होती. सामान काढायला उतरलेली वीसेक माणसं नुकतीच वर आली होती. ती आपोआप बाजूला झाली. देवराव उठून उभा राहिला. तिनं आत जाऊन फळ्यावरून ४१७ उचलला, आपल्या हातानं, आणि पदराच्या गाठीत बांधला.

‘‘लिवा देवरावभाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘आला म्हून लिवा.’’

देवरावनं एका बोटानं लिहिलं. लटारू वल्द सोमा. वर. वेळ चौदा पंचावन्न. मयुरीनं टेबलाशी येऊन प्रिंटरची वायर जोडली आणि फॅक्टरी पुन्हा चालवली. नोंदी एकेक आत गेल्या, माणसं एकेक बनली, आणि तिचा बाप पहिल्यांदा वर बनला. तीन वाजता प्रिंटरनं छापलं, खाली : शून्य. कागद हातात घेऊन मयुरी हमसून हमसून रडली. साहेबांना काही उमगलं नाही. त्यांनी सही केली आणि रेतीचे ट्रक हलले.

घरी आली तेव्हा चुलीवर हंडा चढलेला. मनकर्णाबाई लाकडं सारत होती. न्हाणीत पाट मांडला होता, खुंटीवर पंचा, दगडावर साबणाची वडी. लटारू पाळीवरून यायचा तेव्हा आंघोळीचं पाणी कडकडीत लागायचं त्याला. कोळसा तसा निघत नसे.

‘‘आई, हे काय करून राह्यली?’’

‘‘वर आला ना? पाऊन तास लागते त्याले घरी याले.’’

मयुरी तिच्याजवळ बसली. दुसरं करण्यासारखं काय होतं? चार वाजले. रस्त्यानं पाळीची माणसं सायकली हाणत गेली. दर घंटीला मनकर्णाबाई मान वर करायची. एकदा फाटक करकरलं, तेव्हा दोघी उभ्याच राहिल्या. शेळी होती. साडेचार झाले, पाच झाले. रेतीच्या ट्रकांचा आवाज थांबला. चूल विझली, हंड्यावरची वाफ बसली. मनकर्णाबाईनं दोनदा पाण्यात बोट घालून पाहिलं. नऊ वर्षं तो खाली होता, म्हणून येत नव्हता. आता तो वर होता.

उन्हं कलली तेव्हा तिनं पदराची गाठ सोडली, बिल्ला उंबऱ्यावर ठेवला आणि त्याच उंबऱ्यावर दोन्ही हात आपटले. हिरव्या काचा अंगणभर झाल्या.

‘‘आला असता तं आतापावतर आला असता,’’ ती म्हणाली. मग तिनं पंचा खुंटीवरून काढला आणि लेकीच्या खांद्यावर टाकला. ‘‘ऊठ मयुरी. पानी थंडं झालं. त्याच्या नावानं आंघोळ करून घेऊ.’’