बांधलेली झडप

घराची वाटणी झाली तेव्हा दोन भावांनी खोल्या वाटल्या, जिना वाटला, तळघराची फरशीसुद्धा खडूची रेघ ओढून वाटली. वाटता आला नाही तो एक उभा पाइप. गच्चीवर टाकी एकच होती आणि तिच्यापर्यंत जाणारा मार्गही एकच. त्या पाइपाच्या बुडाशी, रेघेच्या दोन्ही अंगांना, दोन हौद आणि दोन पंप होते. एके दिवशी थोरल्याने आपल्या हौदातले पाणी वर चढवावे, दुसऱ्या दिवशी धाकट्याने. ज्याचा पंप नाही त्याला टाकीही नाही, असा करार झाला होता. ही जोडणी मामांची. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्यांची हयात गेली होती, आणि ज्या दिवशी कोणी सल्ला विचारला नाही तो दिवस ते फुकट गेला असे मानत. भाऊ एकमेकांशी बोलत नसल्यामुळे असे फुकट दिवस त्यांच्या वाट्याला फारसे येत नसत.

त्या सकाळी थोरल्याने त्यांना बोलावले ते निवाड्यासाठी. त्याचा पंप कितीही चालला तरी टाकी भरत नव्हती, आणि धाकट्याचा हौद मात्र काठोकाठ भरलेला असे. लोखंड कापायची करवत थोरल्याने आधीच आणून ठेवली होती. चोरी ठरली की धाकट्याचा जोड कापायचा, आणि त्याच्या घरचे नळ कोरडे पडू द्यायचे, एवढाच प्रश्न त्याच्या लेखी उरला होता.

"मामा, विचारा त्याला. माझं पाणी त्याच्या हौदात कसं जातं?"

"मामा, सांगा त्यांना," रेघेपलीकडून धाकटा म्हणाला, "पाण्यावर नाव घालून पाठवत जा म्हणावं."

"नाव घालूनच पाठवलं असतं. पण वाचता यायला पाहिजे ना त्याला."

"तोंडं बंद करा दोघंही." मामांनी दोन्ही जोडांवरच्या ओतीव लोखंडाच्या फुगीर डब्यांवर पान्याने टिचकी मारली. "हे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. आत बिजागरीवर टांगलेली झडप आहे. पंप चालला की पाणी तिला ढकलून वर जातं. पंप थांबला की वरचं पाणी खाली यायला बघतं आणि स्वतःच्याच वजनानं तिला लावून घेतं. एकाचा पंप चालू असताना दुसऱ्याची झडप अशीच दाबून बसते. हिला वीज लागत नाही, राखणदार लागत नाही. तुमच्या दोघांपेक्षा अक्कल जास्त."

"मग फूट व्हॉल्व्हही का नाही टाकला? दोन कुलपं झाली असती," थोरला म्हणाला.

"फूट व्हॉल्व्ह लागतो पंप वर आणि पाणी खाली असेल तिथे, म्हणजे पंप थांबला तरी ओढायचा पाइप रिकामा होत नाही. इथे हौदाचं पाणी पंपाच्या वर आहे, ते आपोआप येतं. उद्या म्हणशील गोळीचा टाका. तो मैलापाण्यात घालतात. गोळी फिरत राहते, कचरा धरत नाही. तुमचा कचरा पाइपात नाही, डोक्यात आहे."

"आणि स्प्रिंगचा?" धाकट्याने विचारले.

"स्प्रिंग गंजते. मी बसवलंय ते योग्यच बसवलंय."

मामांनी हौदाचा कॉक बंद करून धाकट्याच्या बाजूच्या व्हॉल्व्हचे झाकण उघडले, बॅटरीचा झोत आत टाकला, आणि बराच वेळ वाकूनच राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा तांबडा झाला होता. झडप वर उचलून तांब्याच्या तारेने बिजागरीला घट्ट बांधून टाकली होती.

"हे कोणी केलं?"

"मी."

"म्हणजे थोरल्याचं पाणी वर न जाता इथून वळतं, तुझ्या बंद पंपातून मागं जातं आणि तुझ्या हौदात पडतं. हौद भरलेला दिसत नव्हता तुला?"

"वाटलं, नगरपालिकेच्या नळाला पाणी जास्त येतंय."

"वाटलं. आणि तार कशासाठी बांधलीस?"

धाकट्याने जिन्याकडे पाहिले आणि मान फिरवली. "ते नाही सांगणार."

"सांगायला आहेच काय?" थोरला म्हणाला. "मामा, निवाडा?"

मामांच्या हातचे काम बिघडवले गेले होते. तो अपमान त्यांना चोरीपेक्षा मोठा वाटला. "काप," ते म्हणाले.

थोरल्याने रेघ ओलांडली, धाकट्याच्या जोडावर करवत टेकवली आणि जोर लावला. लोखंडाचा कीस फरशीवर पडू लागला. धाकटा हाताची घडी घालून उभा राहिला. अडवण्यासाठी बोलावे लागले असते.

"अहो, थांबा."

थोरल्याची बायको कठड्याला धरून जिना उतरत होती. शस्त्रक्रियेनंतर ती प्रथमच खाली आली होती.

"तार मी बांधायला सांगितली. पाइप माझ्या उशाशी भिंतीतून जातो. भाऊजींचा पंप थांबला की घण बसल्यासारखा दणका बसतो. डोळा लागला की दणका."

करवत थांबली. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, त्याचा व्हॉल्व्ह आहे, त्याच्या दारात मी जाणार नाही, वाजू दे. म्हणून मी गेले, वरच्याच मजल्यावर त्यांच्या दारात. भाऊजींनी कुणाला न सांगण्याचं कबूल केलं."

"म्हणजे माझ्या पाठीमागे त्याच्याशी बोलतेस."

"एकदाच बोलले. झोपेपुरतं."

"आणि माझा पंप थांबतो तेव्हा दणका बसत नाही?"

"बसतो की. पण तुम्हाला काय सांगायचं?"

मामा खाकरले. "दणका बसतो खरा. उंच पाइपातलं पाणी उलटं धावू लागतं आणि झडप उशिरा आपटते. स्प्रिंगची झडप पाणी उलटायच्या आतच बसते. आवाज होत नाही."

"मघाशी ती गंजत होती," धाकटा म्हणाला.

"गंजते. बदलता येते. सगळंच बदलायला अवघड नसतं, गाढवा."

करवतीच्या खाचेतून पाइपात उरलेल्या पाण्याची बारीक धार फुटली होती. मामांनी तिच्यावर अंगठा दाबला. "आता हा तुकडा काढावाच लागेल. बोला लवकर, माझा अंगठा म्हणजे व्हॉल्व्ह नाही."

थोरला बायकोकडे पाहत होता. ती कठड्याला टेकून खालच्या पायरीवर बसली होती; परत वर चढायचे बळ तिला नव्हते.

"स्प्रिंगचे दोन बसवा," तो म्हणाला. "माझ्याही बाजूला." मग, दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या भावाकडे न पाहता: "आणि मामा, त्याला सांगा, पाइपाला पाना लावून धर म्हणावं. मी फिरवतो."

"मामा, त्यांना सांगा," धाकटा म्हणाला, "केव्हाचा धरलाय."