तीन अंतरं

मामाच्या कारखान्यात चालकाविना धावणाऱ्या सहा गाड्या होत्या. तिघींचा एक त्रिकोण पुढे, तिघींचा मागे. प्रत्येकीला एवढंच कळायचं: नेमून दिलेल्या शेजारणीपासून ठरलेलं अंतर सोडायचं नाही. दुपारी गिऱ्हाईक येणार होतं आणि त्याला दोन्ही त्रिकोण जोडून एकच ताफा धावताना दाखवायचा होता.

जोडायला तीन अंतरं पुरतात. मामाने तिन्ही पुढच्या त्रिकोणातल्या एकाच गाडीला बांधली. महागडा सेन्सर तिच्यावर होता, म्हणून तो तिला सरदार म्हणायचा.

"मामा, हे बिजागर झालं," मी म्हणाले. " वळणावर मागचा त्रिकोण दारासारखा उघडेल."

"तीन म्हणालीस, तीन दिली. आता काय पाया पडू?"

"तीनच, पण एकाच गाडीला नाही. दोन्हीकडच्या किमान दोन-दोन तरी धरायला हव्यात."

"परवापर्यंत माझ्या खांद्यावर बसून फिरत होतीस. बटण दाब."

"नाही दाबणार."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"उद्याचं उद्या. आज नाही दाबणार."

मागचा त्रिकोण वळणावर जिथवर झुलला असता, तिथवर मी आवारातल्या काँक्रीटवर खडूने कमान काढली. गिऱ्हाइकाकडच्या पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्या बरोबर तिच्या आत आल्या.

"एवढी खात्री आहे ना, मामा? खुर्च्या उचल आणि तुझी नवी मोटार इथे लाव."

मामा तणतणत गेला, मोटार घेऊन आला आणि कमानीच्या हातभर अलीकडे थांबला.

"आत घे की."

त्याने काच खाली केली. "थेट आईवर गेलीस," म्हणाला आणि मोटार मागे घेतली. "बदल काय ते. पण बिघडलं तर मला तोंड दाखवू नकोस."

"बिघडलं तर तोंड इथेच असेल. बघून घे."

सरदाराकडे एकच अंतर ठेवलं. उरलेली दोन तिच्या त्रिकोणातल्या जोडीदारणींना दिली, तिन्ही वेगवेगळ्या रोखाने जातील अशी. पाहुणे येऊन बसले, तशी मी त्यांच्यापुढे कमानीत जाऊन उभी राहिले.

"बाजूला हो गं!" मामा ओरडला.

"तू बटण दाब, मामा."

त्याने दाबलं. गाड्या वळणाशी आल्या. मागचा त्रिकोण पुढच्याला धरूनच वळला. मी पाय हलवला नव्हता.