मुंगूस काही करत नाही

मला प्राणी आवडत नाहीत. ज्यांना आवडतात त्यांच्यावरही माझा फारसा विश्वास नाही. तरीही गेल्या नोव्हेंबरपासून इथे आखातात, दार्सैतच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नूडल राहत होता, कारण माझ्या नवऱ्याला, कृष्णकांतला, कुणाला नाही म्हणता येत नाही. त्याच्या ऑफिसातला एक फिलिपिनो सहकारी कायमचा मायदेशी निघाला आणि जाताना हे ध्यान पिंजऱ्यासकट आमच्या गळ्यात मारून गेला. फेरेट म्हणतात त्याला. हातभर लांब, बोटभर पाय, डोळ्यांवर काळा पट्टा आणि अंगाला असा उग्र वास की उदबत्तीनेही हात टेकावेत. आमची मधुवंती, वय वर्षं चौदा, त्याला पाहून आनंदाने रडली. मग माझं कोण ऐकतंय?

आमच्या भाडेकरारात प्राणी पाळायला बंदी आहे. ते एक वेळ निभावलं असतं, निम्मी बिल्डिंग काही ना काही पाळते. माझी अडचण वेगळी होती. खालच्या मजल्यावरच्या शहनाजची मांजर दोन वर्षांपूर्वी आमच्या दाराशी घाण करायची, तेव्हा मालकाकडे तक्रार करणारी मीच. तिला मांजर देऊन टाकावी लागली. ती एका शब्दाने बोलली नाही. पुढच्या ईदला तिच्याकडून नेहमीसारखा शेवयांचा डबा वर आला, आणि मी तो मान खाली घालून घेतला. त्या बाईला आता कोणत्या तोंडाने सांगणार होते, की माझ्याच घरात जनावर आहे? एप्रिलमध्ये तिने लिफ्टमध्ये विचारलं होतं, "ताई, वर काहीतरी खुडबुडतं ना?" मी म्हटलं, "उंदीर असतील गं. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलव." खोटं बोलायला मला काही कष्ट पडले नाहीत.

मे महिन्यातल्या त्या मंगळवारी मधुवंतीला परीक्षेची सुट्टी होती. दहाच्या सुमारास ती बाथरूममधून बाहेर आली ती पांढरीफटक. तिथल्या पिंजऱ्याचं दार उघडं होतं. आम्ही सोफे सरकवले, कपाटं रिकामी केली, चपलांचे खोकेसुद्धा उघडून पाहिले. शेवटी वॉशिंग मशीन पुढे ओढलं, तर त्याच्या मागे पाइपाभोवतीचं सिमेंट खरवडून केलेलं भोक दिसलं. भोकापलीकडे डक्ट. सगळ्या मजल्यांचे पाइप ज्यातून जातात ती अंधारी पोकळी. आत हात घातला तर तव्याजवळ धरावा तसा भाजला.

"आई, ही कान्ट टेक द हीट," मधुवंती म्हणाली. "तो थंड रूम शोधणार. एसीवाली."

"शोधू दे. येईल भूक लागली की."

"आई." तिने माझा दंड धरला. "खाली बेबी आहे."

शहनाजची मुलगी सिदरा एकोणीस दिवसांची होती. मधुवंतीने फोन माझ्यापुढे धरला. तान्ह्या बाळाजवळ फेरेट मोकळा सोडू नये, दुधाचा वास येणारी बोटं, कान, नाक तो चावतो, असं तिथे लिहिलं होतं. खाली फोटोही होते. दुसऱ्या फोटोनंतर मी फोन उलटा ठेवला.

अशा वेळी शहाण्या माणसाने धावत जिना उतरून दार ठोठावलं असतं. मी काय केलं, तर कपाटातून बाळंतविडा काढला. झबलं, टोपडं, दुपटं आणि चांदीचा वाळा, सगळं आणून ठेवलेलं होतं. बाळ बघायला जायचं, आत बसायचं, नजर चुकवून त्याला शोधायचं, पिशवीत घालायचं आणि वर यायचं. कुणाला काही कळायला नको. मधुवंतीला मी भोकापाशी नूडलच्या खाऊचा डबा वाजवत बसायला सांगितलं. ती म्हणाली, "आई, जस्ट टेल देम." मी म्हटलं, "गप्प बस. मोठ्यांचं तुला कळत नाही."

शहनाजने दार उघडलं आणि तिचा चेहराच उजळला. डोळे जागरणाने सुजले होते. नवरा इक्बाल कामानिमित्त सूर शहराला गेलेला, चार दिवसांनी येणार होता. मदतीला तिची आई, हवाबी, खेडहून व्हिजिट व्हिसावर आली होती.

"ताई, बरं झालं आलात," शहनाज म्हणाली. "अम्मी किचनमध्ये खीर करतेय. तुम्ही पाच मिनिटं बाळाजवळ बसाल? मी आंघोळ उरकून घेते. तुमच्यावर सोडलं की मला घोर नाही."

ती असं म्हणाली. मी हसले आणि आत गेले.

खोलीत पडदे ओढलेले होते, एसी मंद चालू होता. पलंगावर दोन उशांच्या मध्ये सिदरा झोपली होती, मानेपर्यंत दुपट्यात गुंडाळलेली. तेलाचा, दुधाचा वास येत होता. आणि त्याच्याखाली दुसरा एक वास. सहा महिने मी तो वास उदबत्तीने झाकत होते, मला तो चुकणं शक्य नव्हतं. नूडल याच खोलीत होता.

मी दार लोटलं, गुडघ्यांवर बसले आणि पलंगाखाली वाकले. दोन बॅगा, पाण्याच्या बाटल्यांचं खोकं, कोपऱ्यात काहीतरी पांढरं. हात लांब करून ओढलं तर अंड्याचं कवच. त्याला एवढ्या लहान बाळाच्या खोलीत अंडं कुणी दिलं?

"काय शोधतेस गो बाय?" दारात हवाबी उभी होती.

"कानातलं पडलं," मी म्हटलं.

ती हसली, बाळाच्या पायथ्याशी बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुला सांगतंय, पन शहनाजला बोलू नको. ती भित्री हाय. आज फजरच्या नमाजाला उठली, तर न्हाणीत मुंगूस. माज्याकडं टकामका बगत उभं. मना लय बरं वाटलं. आमच्या गावाला घराभोवती मुंगूस फिरलं की लोक म्हनतात, आता जनावराची भीती नाय. म्या एक अंडं ठेवलं. त्यानं तोंडात धरलान नि सरळ या खोलीत शिरला. म्हटलं, ऱ्हाऊ दे. परक्या मुलखात पोरीच्या उशाशी राखनदार."

जनावर म्हणजे साप. या तिसऱ्या मजल्यावर, दार्सैतमध्ये, साप. पण मला हसू आलं नाही. पहाटेपासून तो या खोलीत होता, आणि शहनाज बाळाला निजवून आत-बाहेर करत होती.

हवाबीने माझ्या हातावर हात ठेवला. "तू शिकलेली हायस. खरं सांग, मुंगूस पोरीला काय करनार तर नाय?"

ही ती वेळ होती. तिने मला सरळ विचारलं होतं, डोळ्यांत बघून. मला एवढंच म्हणायचं होतं, की ते मुंगूस नाही, ते माझं आहे, बाळाला उचला. आठ शब्द. त्याऐवजी मला ती मांजर आठवली, शेवयांचा डबा आठवला, लिफ्टमधले उंदीर आठवले, आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही हो. मुंगूस काही करत नाही."

"बघ, म्या म्हटलंच," ती समाधानाने म्हणाली आणि खीर लागेल म्हणून लगबगीने उठून गेली.

मी पडद्यामागे पाहिलं, कपाटाच्या वर, कपड्यांच्या टोपलीत. मी मनात स्वतःला समजावत होते, की सापडेल, आत्ता सापडेल, काही झालेलं नाही. तेवढ्यात सिदराच्या पायाकडचं दुपटं हललं. मला वाटलं पाय झाडला असेल. मग ते दुपटं दोन ठिकाणी हललं.

मी ते टोकाने उचललं. नूडल तिच्या पोटऱ्यांना लागून वेटोळं करून झोपला होता. उजेड पडताच त्याने एक डोळा उघडला. मी त्याची मान धरायला हात पुढे केला. मधुवंती त्याला कशी हळू, खालून धरते ते मला माहीत होतं, पण मी घाईने, वरून झडप घातली. तो दचकला. बाळाने पाय झाडला. आणि त्याने समोर आलेलं धरलं.

एकोणीस दिवसांच्या बाळाची तशी किंकाळी मी आधी ऐकली नव्हती. डाव्या पायाची करंगळी त्याच्या तोंडात होती. मी त्याच्या जबड्यात माझं बोट घातलं तेव्हा त्याने सोडलं, मग मला चावला, मग मी त्याला उशीच्या अभ्र्यात कोंबून गाठ मारली. दुपट्यावर रक्ताचे डाग होते.

शहनाज ओल्या केसांनी धावत आली. हवाबी हातातल्या पळीसकट. तिने एकदा बाळाकडे पाहिलं, एकदा हलणाऱ्या अभ्र्याकडे, आणि खालीच बसली. "मुंगूस," ती म्हणाली. "म्या घरात घेतला. माजं चुकलं. अल्ला, माजं चुकलं." ती कपाळ बडवायला लागली.

मी तिचा हात धरला नाही. शहनाजने मात्र बाळाला छातीशी घेऊन दुसऱ्या हाताने माझं रक्ताळलेलं बोट धरलं. "ताई, तुम्ही नसता तर," ती म्हणाली.

किंकाळी ऐकून मधुवंती खाली आली होती. दारातून ती माझ्याकडे बघत राहिली. मी अभ्रा तिच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नातूरकडे दे, तो बघेल काय करायचं ते." पोरगी खाली वॉचमनकडे न जाता ते गाठोडं पोटाशी धरून वर निघून गेली. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला सोसवली नाही.

मी त्यांना माझ्या गाडीतून रुवीतल्या क्लिनिकमध्ये नेलं. रस्ताभर हवाबी मागे पुटपुटत होती, माजं चुकलं. वाटेतला प्रत्येक सिग्नल लाल होता. प्रत्येक सिग्नलला मी ठरवत होते, आता सांगते. हिरवा झाला की गाडी पुढे काढायची असायची.

डॉक्टरीण केरळची होती, हिंदी बोलणारी. जखम धुता धुता तिने विचारलं, "कौन सा जानवर था? पालतू?"

"जंगली," शहनाज म्हणाली. "डक्ट से आया. इन्होंने पकड़ा, खाली हाथ से."

डॉक्टरीण मान हलवून म्हणाली, की इथल्या डोंगरातल्या जनावरांत रेबीज असतो, धोका पत्करता येणार नाही. एक औषध आजच्या आज जखमेतच टोचावं लागेल, चारी बाजूंनी. मग मांडीत इंजेक्शन, आज एक आणि पुढच्या आठवड्यांत आणखी. माझ्या बोटालाही तेच, पण आधी बाळ. तिने सिदराची करंगळी आपल्या अंगठ्याच्या नखाशेजारी धरली. दोन्ही सारख्याच आकाराची होती.

"पैर पकड़िए, हिलना नहीं चाहिए," नर्स म्हणाली.

"ताई, तुम्ही धरा," शहनाजने तोंड फिरवलं. "माझ्याच्यानं बघवणार नाही."

मी तो पाय धरला. घोटा माझ्या दोन बोटांत मावत होता. सुई औषधाने भरली जात होती, आणि मला वाटलं, घरचं जनावर आहे म्हटलं तर कदाचित ही टोचणी टळेल. एवढं तरी या पोरीला माझ्याकडून मिळू दे.

"थांबा," मी म्हटलं. "ते जंगली नाही. मुंगूस नाही. फेरेट आहे, पाळलेला. माझा आहे. आमच्या घरातून निसटला."

मग तेच डॉक्टरिणीला हिंदीत सांगितलं. तिने सुई खाली घेतली. "टीका लगा है उसको? रेबीज का? कार्ड है?"

मधुवंतीने दोनदा म्हटलं होतं, त्याला डॉक्टरकडे नेऊ, लस देऊ. लिफ्टमध्ये कुणी बघेल म्हणून मी दोन्ही वेळा नाही म्हटलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "काहीच नाही."

"तो फिर वही करना पड़ेगा," ती म्हणाली आणि सुई पुन्हा उचलली.

हवाबीचं पुटपुटणं थांबलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, रागाने नव्हे, नीट समजून घ्यावं तसं. "बाय," ती म्हणाली, "म्या तुला इचारलं होतं."

शहनाज जवळ आली. तिने सिदराच्या घोट्यावरची माझी बोटं एकेक करून उचलली, बाजूला केली आणि पाय स्वतः धरला. मी दोन पावलं मागे सरले. मला कुणी जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही.

सुई आत गेली. सिदरा किंचाळली, आणि शहनाज शेवटपर्यंत बघत राहिली.