पुदिन्याचा तोल

सांगवीच्या सातव्या मजल्यावर शालनबाईंनी गॅलरीत कुंड्या मांडल्या होत्या त्या तराजूत तोलल्यासारख्या, डाव्या अंगाला चार आणि उजव्या अंगाला चार. ऊन यायचं फक्त डावीकडं. उजवीकडचा पुदिना आणि गवती चहा सारखे माना टाकायचे, तरी कुंडी हलवलेली म्हातारीला खपत नसे.

रविवारी कंपनीला सुट्टी होती, म्हणून नात सायलीनं सगळ्या कुंड्या उन्हात नेऊन ठेवल्या. शालनबाई तरातरा बाहेर आल्या.

“समदं वजन एका अंगाला? कलंडलं म्हंजी?”

“आजी, ही गॅलरी आहे. नाव नाही.”

शालनबाईंनी कठड्यावरून खाली मुळा नदीकडं पाहिलं. लहानपणी त्यांचं बिऱ्हाड खाली मुळेवर, वडिलांच्या नावेतच होतं. आई तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत कोथिंबीर, पुदिना लावायची. एक डबा इकडं ठेवला की दुसरा तिकडं. पण नाव बांधलेली चिंचेखाली, त्यामुळे थंडीत ऊन एकाच बाजूला पडायचं. मग आई सगळे डबे उन्हाकडं सरकवायची आणि वडील हातातलं काम टाकून समोरच्या बाजूला सावलीत बसायचे. कुडकुडायचे, पण जागचे हलायचे नाहीत.

शालनबाईंनी स्टूल ओढलं आणि उजव्या कोपऱ्यात जाऊन बसल्या.

“आजी, तिथं गारठा आहे. इकडे उन्हात ये ना.”

“झाडांचं ऊन खाऊन होऊ दे,” त्या म्हणाल्या, “मग उठते.”