कशाची माफी, ल्युबेन?

"अडकवलीस की एक बोट आत घालून बघ. बोट गेलं नाही तर सैल कर. मनगट त्यालाही आईनंच दिलेलं असतं." ल्युबेन हवालदार नव्या शिपायांना असं बजावायचे. तो आवाज अजून माझ्या कड्यांत आहे.

मित्रांनो, मी एक जुनी हातकडी आहे. मी भट्टीत तापले, घणाखाली आले आणि बल्गेरियाच्या डोंगरातल्या एका लहानशा गावच्या चौकीत ल्युबेनांच्या कमरेला लागले. चोर, दारुडे, बायकांना मारणारे, सगळे माझ्यातून गेले. दर शनिवारी माझ्यावर तेलाचं फडकं फिरे. पुढे चौकीत नव्या हातकड्या आल्या, ल्युबेन निवृत्त झाले, आणि मी त्यांच्या घरी खिळ्याला लटकून गंजू लागले.

मग टीव्हीवर पोलिसांची मालिका आली. ल्युबेन तिचे सल्लागार झाले आणि चित्रीकरणासाठी मी पुन्हा चकाकले. मालिकेतला फौजदार म्हणजे कामेन नावाचा नट. त्याच्यासाठी लोक रस्त्यात थांबत.

एका भागात या फौजदाराला खुनी ठाऊक असतो, पण पुरावा नसतो. म्हणून तो स्वतःच संशयिताच्या सरपणात चाकू लपवतो. ही घडलेली गोष्ट लेखकाला ल्युबेनांनीच पुरवली होती. चित्रीकरण संपलं, टाळ्या पडल्या. मला परत देताना कामेननं हळूच विचारलं, "हवालदारकाका, त्या खऱ्या माणसानं खून केला होता ना?"

"मला खात्री होती."

"खात्रीचं नाही विचारलं मी."

ल्युबेनांनी मला कोटाच्या खिशात टाकलं.

तो खरा माणूस वेन्को. गिरणीच्या पहारेकऱ्याच्या खुनापायी अकरा वर्षांपासून तुरुंगातच होता. आता छातीच्या दुखण्यानं खंगला होता. उन्हाळा काढेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. त्याची म्हातारी आई, रायनाकाकू, ल्युबेनांच्याच गल्लीत राहत.

ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाआधीचा रविवार आला. त्या दिवशी आमच्याकडे धाकटे थोरांच्या हातावर ओठ टेकवून माफी मागतात, आणि थोर म्हणतात, "देव तुला माफ करो." नाही म्हणायची रीत नाही. ल्युबेन दर वर्षी रायनाकाकूंकडे जात. याही वर्षी गेले. मी खिशातच होते.

"काकू, माफ करा मला."

काकूंनी हात मागे घेतला. "कशाची माफी, ल्युबेन? दर वर्षी घेऊन जातोस, वर हलवाही खातोस. या वेळी नाव घेऊन माग."

खिशात त्यांची बोटं माझ्याभोवती आवळली.

"चाकू मी ठेवला होता."

"बघितलं टीव्हीवर. शेजारीण टाळ्या वाजवत होती."

"त्यानंच केलं असं वाटलं होतं, काकू. आता... आता मला ठाऊक नाही."

"मलाही नाही," काकू म्हणाल्या. "मी आई आहे, तरी नाही. शोधायचं राहूनच गेलं ना, तुझ्या चाकूपायी."

मग त्यांनी हात पुढे केला. "देव तुला माफ करो. माझी माफी ने. पण वेन्कोला ती पुरायची नाही. हेच न्यायाधीशापुढे बोल, तो आहे तोवर."

"मला आत टाकतील."

"टाकतील. डबा मी पाठवीन. सवय आहे मला."

"उद्याच जातो, काकू. शब्द देतो."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल लावा, गंजू देऊ नका, एवढं तर कुठलीही वस्तू मागेल. माझं मागणं थोडं अधिक आहे. लोखंडाला दोषी मनगट आणि निर्दोष मनगट सारखंच ऊबदार लागतं. फरक तुम्हीच करायचा असतो. तो कळला नाही, तर 'कळलं नाही' म्हणायला लाजू नका. खात्रीच्या भरात माणसं फार लवकर कुलूप लावतात.

सोमवारी सकाळी ल्युबेनांनी दाढी केली, उपासाचा कोरडा पाव खाल्ला, इस्त्रीचा सदरा घातला. चौकात बेकरीवाला हसून म्हणाला, "काय हवालदार, नव्या भागात कुणाला धरताय?"

"बघू," ल्युबेन म्हणाले, आणि जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्या बसच्या रांगेत जाऊन उभे राहिले.