बुजवलेली फट

“मीच भरायची, मीच फोडायची. घरी कळलं तर हसतील मला,” काँक्रीट फोडता फोडता गवंडी पुटपुटला. ताई त्याच्या शेजारीच उकिडवी बसली होती. तिला हसू आलं नाही.

बाळंतपणाचं हे इस्पितळ तिनंच आखलेलं. अख्खी इमारत जाड रबरी उशांवर उभी. जमीन हादरली की इमारतीनं सावकाश सरकायचं, आणि सरकायला चहूबाजूंनी हातभर मोकळी फट. फटीवर लोखंडी पत्रा. पत्र्यावरून स्ट्रेचर आदळत गेलं की टाके घातलेल्या बायका कळवळायच्या. मेट्रनला ते बघवेना. तिनं फट काँक्रीटनं भरून वर छान फरशी बसवून घेतली. मेट्रन म्हणजे ताईची आई. लेकीला विचारायचं तिला सुचलंच नाही. फटच ती, त्यात काय विचारायचं!

सकाळी छोटा धक्का बसला. इमारत सरकायच्या ऐवजी काँक्रीटवर आपटली. खालच्या भिंती तडकल्या. मोठा धक्का येऊ शकतो, असं रेडिओवर सारखं सांगत होते. आणि वर, काचेच्या पेटीत, ताईच्या धाकट्या बहिणीचं बाळ होतं. दिवस भरायच्या आत आलेलं, नळीनं श्वास घेणारं.

“किती राहिलं गं?” आईनं येऊन विचारलं.

“होतंय.”

“होतंय म्हणजे?”

“होतंय म्हणजे होतंय, आई! तू वर जा ना.”

“वर धाकटी हेच विचारते. म्हणून तर खाली आले.”

अजून एक बाजूसुद्धा धड मोकळी झाली नव्हती. मोठे डॉक्टर नुसतेच उभे होते. पेटीतली बाळं बाहेर न्यायची कुठे? मैदानात ना वीज, ना ऊब. कुठलं तगेल, कुठलं नाही, कोण सांगणार? म्हणून बाळं हलवायचं कुणी ठरवत नव्हतं.

तेवढ्यात पायाखालून पुन्हा एक थरथर गेली. काँक्रीटला घासून इमारत करकरली.

आईनं वाकून फरशीवरची धूळ हातानं पुसली. “किती गुळगुळीत बसवली होतीस रे,” ती गवंड्याला म्हणाली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

“हे आज होत नाही. इमारत खाली करा. आणि पहिलं आमचं बाळ काढा. ते बघितल्याशिवाय बाकीच्या आया आपली बाळं द्यायच्या नाहीत.”